तक्त्यावर सगळं वाचते, तिन्हीसांजेला मात्र माणूस ओळखत नाही, असं होतं का?

मोगरा_२
आईचं वय ७१, दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डिजनरेशन (वयाबरोबर डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, खराब होतो ते), कोरड्या प्रकारचं. गेल्या आठवड्यात तपासणी झाली, तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ धडाधड वाचली, डॉक्टर म्हणाले छान, सहा महिन्यांनी या. आणि त्याच संध्याकाळी दिवे लावायच्या आधी मी समोर उभी तर मला म्हणते कोण आहे गं. जिना उतरताना शेवटची पायरी झाली की नाही ते पायाने चाचपते, उन्हातून घरात आली की दारातच थांबून राहते, बराच वेळ. चष्म्याचा नंबर पण नुकताच बदललाय त्यामुळे तो प्रश्न नाही. भावाचं म्हणणं ती उगाच करते, "डॉक्टरांसमोर बरं दिसतं तुला". आता ती त्याबद्दल बोलायचीच बंद झालीये. कुणाच्या घरी असं आहे का?

रातकिडा
भावाला हा धागा वाचायला द्या आधी. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे (डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जातात, अंधारातलं दिसणं आधी जातं), शाळा संपेपर्यंत कुणाला कळलंच नाही, तोवर मी नुसता वेंधळा होतो. दुपारी उंच उडालेला बॉल झेलणारा पोरगा संध्याकाळी दाराच्या चौकटीवर आपटतो म्हटल्यावर लोकांना नाटकच वाटणार ना. थिएटरमध्ये उशिरा पोचलो की कुणाच्या तरी मांडीवर बसायचो (हसा, मी पण हसतो आता). आईचा आजार वेगळा आहे पण "मघाशी दिसत होतं, आता कसं नाही" हे ऐकायला लागणं सेम. आणि ती बोलायची बंद झालीये ना, ते जास्त वाईट, कारण मग माणूस बाहेर पडायचंच टाळतो आणि कारण भलतंच सांगतो.

काजवा
लो व्हिजनवाल्यांसोबत, म्हणजे चष्मा लावूनही नीट दिसत नाही अशांसोबत, काम करते म्हणून जरा लांब लिहिते. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या दोन जातीच्या पेशी असतात, कोन साधारण ६० लाख आणि रॉड १२ कोटीच्या आसपास. बारीक अक्षर, रंग, भरपूर उजेड हे कोनचं खातं, अंधुक उजेड रॉडचं. आता तक्ता कसा असतो, पांढरी पाटी, काळीकुळकुळीत अक्षरं, मागून लख्ख लाइट. म्हणजे परीक्षा फक्त कोनची झाली, तीही त्यांच्या आवडत्या विषयात! तिन्हीसांजेला चेहरा म्हणजे राखाडीवर राखाडी, तिथे कॉन्ट्रास्टच नसतो.

रातकिडांच्या आजारात रॉड आधी जातात. आईंच्या आजारात मॅक्युलाच्या अगदी मध्यबिंदूवर रॉड नसतातच, पण भोवतीच्या कड्यात खच्चून असतात आणि वयाबरोबर तिथले रॉड बऱ्याचदा कोनच्या आधी ढेपाळतात. शिवाय उजेडात रॉडमधलं रंगद्रव्य उडून जातं, ते परत भरायला मागच्या थरातून व्हिटॅमिन ए चा पुरवठा लागतो आणि या आजारात नेमका तो थर बिघडलेला असतो. निरोगी डोळ्यालाही गडद अंधाराची पूर्ण सवय व्हायला ३०-४० मिनिटं लागतात, पण घरातल्या उजेडापुरतं त्याचं लगेच भागतं, आईंचं भागत नाही. दारात थांबतात ते बरोबरच करतात, थांबू द्या.

पुढच्या वेळी कमी उजेडातली दृष्टी तपासाल का असं विचारा. डोळ्यासमोर गडद फिल्टर धरतात, उजेड १०० पटीने कमी होतो आणि तोच तक्ता परत वाचायचा. चांगल्या डोळ्याच्याही थोड्या ओळी कमी होतात पण इथे फरक जास्त पडतो. सगळीकडे करत नाहीत, तरी विचारा, निदान फाइलमध्ये तक्रार लिहिली जाईल.

झटपट_उपाय
रातांधळेपणा आहे हा, व्हिटॅमिन ए च्या गोळ्या सुरू करा, महिन्यात फरक.

काजवा
@झटपट_उपाय नको हो. व्हिटॅमिन ए कमी पडून जो रातांधळेपणा येतो त्याला त्या गोळ्या, हा तो नाही. स्टारगार्डसारख्या (मॅक्युलाचाच, पण आनुवंशिक) आजारात तर जादा व्हिटॅमिन ए टाळायलाच सांगतात. मॅक्युलर डिजनरेशनसाठी देतात त्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांमधून बीटा कॅरोटीन (शरीरात त्याचं व्हिटॅमिन ए होतं) सुद्धा काढून टाकलंय, सिगरेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

जुनी_बॅटरी
माझं डायबेटिसचं आहे, दोन्ही डोळ्यांना लेझर झालंय. कडेचा पडदा भाजून मधला वाचवतात, वाचन शाबूत राहिलं पण रात्रीची गाडी मी स्वतःहून सोडली, समोरून हेडलाइट आला की पुढचे काही सेकंद नुसता पांढरा पडदा. घरात जे केलं ते सांगतो. वरचा मोठा दिवा वाढवून फार फरक पडत नाही, दिवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, शाळेतलं गणित. पण बल्ब डोळ्यांना दिसता कामा नये, शेडवाला टेबल लॅम्प खांद्याच्या बाजूने. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसेल अशी पट्टी. बाहेर उन्हात टोपी आणि गॉगल, म्हणजे आत आल्यावर डोळा लवकर जुळवून घेतो. आणि दिवे जरा लवकरच लावा, घरातल्या बाकीच्यांना दिसतंय म्हणून थांबू नका.

मोगरा_२
सगळ्यांना थँक्यू, रात्री आईला हे वाचून दाखवलं. ती काजवाताईंच्या रॉड-कोनवर काही बोलली नाही, पण मांडीवर बसायचो वर खूप हसली आणि मग म्हणाली, ती पण लग्नाच्या हॉलमध्ये भलत्याच बाईला मिठी मारून आलीये मागे, आम्हाला सांगितलंच नव्हतं. भाऊ गप्प आहे, पण पायऱ्यांना पट्ट्या त्यानेच लावल्या आज, वाकड्यातिकड्या. एकच विचारायचं राहिलं, लॅम्पला पांढरा बल्ब की पिवळा?

काजवा
ज्याचं त्याला. दोन्ही आणा, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून त्यांचंच पुस्तक वाचायला द्या आणि त्यांना ठरवू द्या, बरेच दिवस वापरून. आणि हो, पुस्तकाच्या सरळ ओळी मध्येच वाकड्या दिसतायत असं कधी म्हणाल्या तर सहा महिने थांबू नका, लगेच न्या, कोरड्याचं ओलं झालेलं असू शकतं, म्हणजे पडद्यामागे नव्या रक्तवाहिन्या येऊन पाझरतात ते. एकेक डोळा झाकून बघायला शिकवा त्यांना.

रातकिडा
मिठीवाल्या काकूंना माझा नमस्कार सांगा.