घरचं भांडण तहापर्यंत पोचतंच
परराष्ट्र धोरण अधिकारी ठरवतात, घरच्या राजकारणाचा त्याच्याशी संबंध नाही, असं मत काही जण मांडतात, ते मला मुळीच पटत नाही. होळकरांच्या गावच्या आम्हा इंदूरकरांना तर ते पटूच नये. १८०१ मध्ये पेशवे दुसऱ्या बाजीरावांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला त्यांचे भाऊ यशवंतराव होळकर यांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव गेला तो इंग्रजांच्या आश्रयाला, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. तैनाती फौज, म्हणजे पेशव्यांच्या खर्चाने पोसलेली इंग्रजांची फौज, आली, परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा हक्क गेला. पुढच्या वर्षी शिंदे आणि नागपूरकर भोसले असईला इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये होळकर इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, तोवर शिंद्यांनी तह केलेला. यशवंतरावांचा मला फार अभिमान आहे, म्हणूनच ही फूट जास्त सलते.

आजही तेच चालतं. सप्टेंबर २०११ मध्ये बांगलादेशात वाहत जाणाऱ्या तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार ढाक्यात व्हायचा होता. पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी ऐनवेळी विरोध केला, त्यांचा पक्ष केंद्रातल्या आघाडीत होता, आणि पंतप्रधान ढाक्याला जाऊनही करार राहिला. बांगलादेशाशी बोलणी झाली होती. अडलं ते कोलकात्यात.