गेटवरचा बॅनर (सोसायटी ग्रुप, २७ डिसेंबर २०२३)

शितोळे काका ए-१०१: सुप्रभात. गेटवर बॅनर कोणी लावला आणि कोणाला विचारून? पोराचं कौतुक आहेच, पण बॅनरचं वरचं टोक बरोबर कॅमेऱ्यावर आलंय. दिवाळीत माझ्या स्कूटरची बॅटरी गेली तेव्हा काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

फडके सेक्रेटरी: काका मीच लावला. परवा आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १२८२ तबलेवाल्यांनी एकदम तबला वाजवला, गिनीजमध्ये नोंद झाली, त्यात आपला चिनू होता, पेपरात फोटो आला, शेजारच्या बिल्डिंगवाले विचारायला आले. आपण गप्प बसायचं का?

वैद्य काकू बी-३०३: खूप खूप अभिनंदन चिनू बाळा 🙏 आम्ही तर रोज ऐकायचो, तेव्हाच वाटायचं पोरगं नाव काढणार

निखिल ए-३०४: काकू, ऑगस्टमध्ये "हे धा धिं धिं धा बंद करा नाहीतर पोलिसात जाईन" कोणी लिहिलं होतं? वर स्क्रोल करू का?

वैद्य काकू बी-३०३: तेव्हा ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं निखिल. दुपारी दोनला रियाज करतं का कोणी. आणि मी पोलीस नाही, कमिटी म्हटलं होतं.

शितोळे काका ए-१०१: कॅमेरा.

जाधव बी-१०२: बॅनरचे पैसे मेंटेनन्समधून गेले का? टाकी साफ करायची म्हटलं की फंड नसतो.

फडके सेक्रेटरी: माझ्या खिशातून दिलेत जाधव साहेब.

जाधव बी-१०२: मग बरोबर, म्हणूनच चिनूपेक्षा तुमचा फोटो मोठा आहे.

निखिल ए-३०४: 😂😂

भागवत वहिनी बी-२०३: सगळ्यांचे आभार, पण मनापासून सांगते, बॅनर काढा. त्यावर "विश्वविक्रमवीर" लिहिलंय, विक्रम १२८२ जणांचा आहे, त्यात त्याचे सर आहेत, क्लासमधली बाकीची मुलं आहेत, त्यांच्या दारात कोणी बॅनर लावला नाही. काल क्लासमध्ये मुलं त्याला गिनीज गिनीज म्हणून हाका मारत होती, घरी येऊन जेवला नाही. पोरगा झाकिर हुसेनचा वेडा आहे, केससुद्धा तसेच वाढवलेत, शाळेतून चिठ्ठी आली तरी कापत नाही. पेपरातल्या फोटोत अर्धा चेहरा आणि पूर्ण डग्गा आलाय, त्याचंही त्याला काही नाही. किल्ल्यावर त्या वाऱ्यात सूर टिकेना, सारखी हातोडी काढावी लागत होती म्हणाला, घरी आला तेव्हा बोटं लालबुंद. आणि एकच गोष्ट परत परत सांगत होता, की आई, सगळे डग्गे एकदम वाजले ना तेव्हा आवाज कानात नाही, सतरंजीतून मांडीत येत होता.

करकरे आजोबा ए-२०२: चिनूची आई बरोबर बोलतेय. अरे यंदाच युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलंय. हद्दू-हस्सू खाँसारखे ख्याल गायक इथले, आपल्या लश्कर भागात शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ पासून आहे, माधव महाविद्यालय १९१८ ला भातखंड्यांच्या हातून उभं राहिलं, आणि आपल्याकडे एक पोरगं तबला घेऊन बसलं की चार फ्लॅटच्या खिडक्या लागतात. त्याला तास-दीड तास निवांत वाजवायला जागा द्या, बॅनरचं सोडा. आपल्या ग्वाल्हेर घराण्याचा विलंबित ख्याल तिलवाडा तालात चालतो, १६ मात्रा, गवई वर काय वाटेल ते करो, तबल्याने ठेका जागचा हलू द्यायचा नाही. हे काम पेपरात येत नाही. इतक्या गर्दीत लय धरून बसला, त्याचं मला कौतुक आहे.

कुलकर्णी बी-३०१: यंदा ग्वाल्हेरच्या मेळ्यात गाड्यांच्या टॅक्सवर सूट मिळणार का, कोणाला कळलं का

जाधव बी-१०२: विषय बदलू नका कुलकर्णी.

शितोळे काका ए-१०१: परत लिहितो. कॅमेरा. बॅनर दुसरीकडे लावा, घरी लावा, पण कॅमेरा मोकळा करा.

फडके सेक्रेटरी: ठीक आहे. चांगलं करायला जावं तर हे ऐकायचं. गार्डला शिडी घेऊन पाठवलंय, दहा मिनिटांत निघेल. पुढच्या वर्षी कमिटीत तुम्ही या सगळे.

भागवत वहिनी बी-२०३: फडके भावजी राग मानू नका, तुमचा जीव आहे त्याच्यावर हे ठाऊक आहे मला. लहानपणी तुमच्याच स्टीलच्या डब्यावर वाजवायचा.

फडके सेक्रेटरी: राग नाही वहिनी. हॉल रोज ५ ते ६.३० रिकामाच असतो, किल्ली गार्डकडे. उद्यापासून चिनूने तिथे बसावं. लाईटचं सोसायटी बघेल.

जाधव बी-१०२: लाईटचं मीटिंगमध्ये पास करून घ्या. मी हो म्हणेन, पण पास करून घ्या.

शितोळे काका ए-१०१: हॉलची भिंत आमच्या बेडरूमला लागून आहे. पण त्या वेळात मी बैजाताल तलावावर फिरायला असतो. माझी हरकत नाही.

वैद्य काकू बी-३०३: मंगळवारी ५ ला आमचं भजन असतं हॉलमध्ये, तेव्हा नको. किंवा असं करा, येऊच दे त्याला, तबल्याला कोणी नाहीये, आम्ही नुसत्या टाळांवर भागवतो

भागवत वहिनी बी-२०३: मंगळवारी सरांकडे क्लास असतो काकू. भजन गुरुवारी घेता येईल का?

वैद्य काकू बी-३०३: मंडळात विचारून सांगते. भजनी ठेका येतो ना पण त्याला?

करकरे आजोबा ए-२०२: नसेल येत तर संध्याकाळी माझ्याकडे पाठव.