तांबड्या रश्श्याबरोबर रेड वाइन कडू का लागते?

कोल्हापूरकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या मेव्हण्यांनी नाशिकहून येताना कॅबरने सॉव्हिन्यॉ या रेड वाइनची एक बाटली आणली. घरी मटणाचाच बेत होता, आणि मटणाबरोबर रेड वाइन घ्यावी असे सगळीकडे वाचलेले असल्यामुळे ती जेवतानाच उघडली. परंतु तांबड्या रश्श्याच्या दोन चमच्यांनंतर घेतलेला पहिलाच घोट इतका तुरट आणि कडू लागला, की पाहुण्यांनी पेले बाजूला सारले. रस्साही एरवीपेक्षा अधिक तिखट वाटू लागला. सगळे गेल्यावर उरलेली वाइन मी नुसतीच घेतली, तेव्हा ती उत्तम लागली; म्हणजे दोष बाटलीचा नव्हता. येत्या रविवारी पुन्हा दहा माणसे जेवायला आहेत. तांबडा आणि पांढरा रस्सा, सुके मटण आणि एखादा कोंबडीचा पदार्थ, असा बेत आहे. यांतल्या कशाबरोबर कोणती वाइन घ्यावी, आणि त्या दिवशी नेमके काय बिघडले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गंगापूर रोड, नाशिक

नमस्कार. वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये मी बरीच वर्षे काम करतो आणि आपल्यासारखा अनुभव आलेली माणसे मला दर आठवड्याला भेटतात. लाल मांसाला रेड वाइन हा नियम खोटा नाही, पण तो ज्या ताटावरून आला ते ताट वेगळे आहे. फ्रान्समध्ये बोर्दोकडे कोकराची तंगडी मीठ-लसूण लावून भाजतात. त्यात चरबी आणि मीठ भरपूर असते, मिरची नसते. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून वाइनमध्ये उतरणारे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, म्हणून तोंड कोरडे पडते. भाजलेल्या मांसाचा घास सोबत असला की ते टॅनिन त्यातल्या प्रथिनांत आणि चरबीत गुंतते आणि वाइन मऊ लागते. तांबडा रस्सा हा मात्र पातळ, झणझणीत अर्क आहे. त्याच्या वाटीत टॅनिनला गुंतायला फारसे काही नसते आणि तिखटाने हुळहुळलेल्या जिभेला तुरटपणा दुप्पट जाणवतो.

तिखट का वाढले, याचेही कारण आहे. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला जागे करते, तोच संवेदक चटका बसल्याचीही वर्दी देतो. तो एरवी साधारण ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. अल्कोहोलमुळे ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास उतरते, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली. त्यामुळे १४ टक्के अल्कोहोलची दणकट रेड आणि कोल्हापुरी कट एकत्र आले, की तोंड भाजणारच.

म्हणून मांसाचा रंग पाहू नये, मसाला पाहावा. तांबड्या रश्श्याबरोबर किंचित गोडसर चेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन चांगली थंड करून, ८ ते १० अंशांवर द्यावी. तिच्यातली थोडीशी साखर तिखटाला आवरते. पांढऱ्या रश्श्यात लाल तिखट नसते, नारळाचे दूध, काजू आणि खसखस असते. त्याला व्हियोनिएसारखी भरीव, सुगंधी व्हाइट फार शोभते, आणि माझ्या मते आपल्या बेतातली ही सर्वांत सुंदर जोडी ठरेल. सुक्या मटणाला मात्र शिराझ ही रेडच घ्यावी. भाजलेले खोबरे, मिरी, लवंग आणि अंगाबरोबरचा मसाला तिला मानवतो. काळ्या मिरीला तिचा वास देणारा रोटंडोन हा घटक शिराझमध्येही असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले आहे.

मडगाव

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात आंबटपणाचा विचार राहून गेला आहे. आमच्या विंदालूचे नावच पोर्तुगीज ‘विन्या द आल्योस’वरून आले, म्हणजे वाइन आणि लसूण यांत मुरवलेले मांस, गोव्यात वाइनच्या जागी माडीचे व्हिनेगर आले. अशा पदार्थाबरोबर वाइन निदान पदार्थाइतकी तरी आंबट असावी, नाहीतर ती पाण्यासारखी मिळमिळीत लागते. डुकराच्या मांसाची चरबी, व्हिनेगर आणि मिरची हे तिन्ही एकत्र असताना आमच्या घरी थंडगार ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे कोरडी, बुडबुड्यांची वाइन उघडतात. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण, तिसऱ्या दिवशी पुरते मुरते. तेव्हा त्याचा रस टिपलेला सान्नाचा (तांदळाच्या इडलीसारख्या पदार्थाचा) तुकडा खाऊन लगेच हा घोट घ्यावा, जिभेवरचा तुपकट थर बुडबुड्यांनी धुऊन निघतो. रेडच हवी असेल, तर अकलूजकडे पिकणारी सांजोव्हेझे पाहावी. तिला मुळातच चांगला आंबटपणा असतो.

पुणे ३०

दोन गोष्टी सुचवतो. पहिली तापमानाची. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. तिथे त्याचा अर्थ १६ ते १८ अंश असा होतो. आपल्याकडे ३२ अंशांवर तीच वाइन दिली, तर नाकाला आधी अल्कोहोलच झोंबते. शिराझ वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. प्रश्नकर्त्यांची बाटली कपाटातून थेट टेबलावर आली असावी, अशी मला शंका आहे.

दुसरी गोष्ट, नाशिकच्या सदस्यांचा सल्ला शास्त्रशुद्ध असला तरी आपले जेवण तसे वाढले जात नाही. दोन्ही रस्से आणि सुके मटण एकाच ताटात येतात, आणि माणूस एका घासात तिन्हींना हात लावतो. प्रत्येक वाटीसाठी वेगळा पेला कोण धरणार? शिवाय मटणाबरोबर गोडसर वाइन मला स्वतःला रुचत नाही. माझी शिफारस एकाच वाइनची आहे: कोरडी, थंड रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. तिच्यात टॅनिन नावापुरते असते, फळांचा स्वाद असतो आणि कोंबडीलाही ती चालते.

कोल्हापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. बाटली खरोखरच कपाटातून थेट टेबलावर आली होती, आणि ते मे महिन्याचे दिवस होते. काल थोडा कट भाकरीवर घेऊन रोझे आणि चेनिन ब्लाँ या दोन्ही चाखून पाहिल्या. रोझे बरी लागली, परंतु चेनिनच्या घोटानंतर कटातल्या भाजक्या तिळाची चव वेगळी कळली. ती त्या दिवशी कॅबरनेबरोबर मुळीच कळली नव्हती. तेव्हा रविवारी ताटाबरोबर चेनिन ठेवीन आणि सुके मटण आधी वेगळे वाढून त्याच्यासोबत थंड केलेली शिराझ देईन. सौ.चा आग्रह पांढऱ्या रश्श्यासाठी व्हियोनिएचा आहे, ती इथे मिळाली तर तीही आणतो.