मदत हवी आहे: ड जागेवर शिकलेले सर की नववी पास नगरसेवक? शपथपत्र नेमकं वाचायचं कसं?

पाणी_चौथ्यादिवशी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. 15 जानेवारी 2026 ला आपल्या सोलापूर महापालिकेचं मतदान आहे, 2017 नंतर थेट आत्ता, 2022 पासून तर प्रशासकच होता, त्यामुळे नगरसेवक नावाचा माणूस असतो हेच पोरं विसरलीत. मी विडी घरकुलात राहते, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघते. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे चार मतं. अ, ब, क चं माझं ठरलंय. ड वर अडकलेय आणि चार दिवस झाले डोक्यातून जाईना.

पक्ष सांगणार नाही, नावं पण नाही. उगाच भांडणं नकोत.

एक आहेत जुने नगरसेवक. शपथपत्रात शिक्षण नववी पास. पण आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड रात्री अडीचला येतं आणि हा माणूस बनियनवर, कानाला मफलर बांधून पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या शेजारी उभा असतो. हे मी स्वतः बघितलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा, पद नसताना पण. शेवटच्या गल्लीला पाणी चढत नव्हतं तेव्हा घराघरात जाऊन टुल्लू मोटारी बंद करायला लावल्या, शिव्या खाल्ल्या. पण त्यांच्यावर दोन केसेस आहेत असं शपथपत्रात दिसतंय, एक पाण्यासाठी रास्ता रोको केलेला त्याची, आणि दुसरी 420.

दुसरे आहेत सर. एम.टेक., स्वतःचे क्लासेस. बोलतात छान, अभ्यास पण आहे, मागं आमच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक टाकले आणि सहा महिन्यात उखडले तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून कामाची मोजमाप पुस्तिका मागवणारा हा एकटाच माणूस. केस एकही नाही. पण त्यांच्या क्लासमध्ये झाडलोट करणारी मावशी आमच्याच गल्लीतली, तिचा दोन महिन्यांचा पगार राहिलाय. आणि प्रचाराला आले तर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबले, ड्रेनेज तुंबलेलं म्हणून, हात जोडले आणि गेले.

घरात दोन पार्ट्या झाल्यात. भाऊ म्हणतो शिकलेला माणूस पाहिजे, बजेटची पुस्तकं वाचता आली पाहिजेत. अम्माने तीस वर्षं विड्या वळल्यात, ती म्हणते कारखान्यातला चेकर बंडलावरचं लेबल बघून छाट (खराब विड्या) काढत नाही, विडी हातात घेऊन बघतो.

आता खरी गंमत. मामाच्या जुन्या मोबाईलमध्ये 21 फेब्रुवारी 2017 चा एक फोटो सापडला, मतदान केंद्राबाहेर उमेदवारांच्या माहितीचा फ्लेक्स लावला होता त्याचा. त्यात ह्याच नगरसेवकांचं शिक्षण "दहावी पास" लिहिलंय! यंदा नववी. माणूस आठ-नऊ वर्षात एक इयत्ता खाली कसा आला?

तर विचारायचंय हे, शिक्षणाला किती मार्क द्यायचे, केसेस कशा वाचायच्या, आणि कॅरेक्टर म्हणजे नेमकं काय बघायचं?

कडकभाकर

ताई एक इयत्ता खाली आला म्हणजे प्रामाणिक झाला ओ 😂 बाकीचे दर निवडणुकीला एक डिग्री वर जातात.

साखरपेठकर

शिक्षण बिक्षण सोडा. आपल्याकडं त्यावर कोण मत देतंय? 2023 ला सुप्रीम कोर्टात उत्तर प्रदेशच्या एका आमदाराची केस होती, डिग्रीची माहिती खोटी दिली म्हणून, तेव्हा सुनावणीत न्यायाधीशच म्हणाले होते की भारतात शिक्षण बघून कोण मत देत नाही. विषय संपला. माझं मत अडीच वाजता उभारणाऱ्याला.

मास्तर_रिटायर्ड

विषय संपला नाही हो साखरपेठकर. मी 34 वर्षं शाळेत काढली, माझ्याकडून शिक्षणाच्या बाजूने बोलण्याची अपेक्षा असेल, पण जरा थांबा.

26 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीच्या शेवटच्या भाषणात डॉ. राजेंद्र प्रसादांनी खंत व्यक्त केली होती की कायदा राबवणाऱ्यांना आपण पात्रता लावतो आणि कायदे करणाऱ्यांना निवडून येण्यापलीकडं कसलीच नाही. आणि त्याच भाषणात पुढं असंही सांगितलं की माणसं चारित्र्याची असतील तर सदोष घटना पण ते नीट चालवतील. म्हणजे तुमच्या अम्माचं आणि भावाचं भांडण तेव्हापासून चालू आहे.

ह्यात अजून एक बाजू आहे. हरियाणाने 2015 मध्ये पंचायत निवडणुकीला शिक्षणाची अट घातली, सुप्रीम कोर्टाने ती मान्य पण केली. राजस्थानने घातली आणि 2019 मध्ये काढून टाकली. आपल्याकडं थेट सरपंच होणारा 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेला असेल तर सातवी पास लागतो. आमदार-खासदाराला मात्र काहीच नाही, नगरसेवकाला पण नाही. मला स्वतःला ह्या अटी पटत नाहीत. ज्या बाईला घरच्यांनी चौथीतून काढून विड्या वळायला बसवलं तिलाच परत सांगायचं का, की तू उभी राहू नको? एकदा शाळा हुकली, आता पद पण हुकवायचं.

वसंतदादा पाटील फारसे शिकलेले नव्हते, पण महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं त्यांच्याच काळात, 1983 ला सुरू झाली, चांगलं की वाईट तो वेगळा धागा होईल. तामिळनाडूचे कामराज लहानपणीच शाळेतून बाहेर पडले, त्यांनी गावोगाव शाळा काढल्या आणि दुपारचं जेवण दिलं. उलट बाजूला आपल्याच जिल्ह्यातले सांगोल्याचे गणपतराव देशमुख, शिकलेले वकील, 11 वेळा आमदार, आणि एसटीने फिरायचे. तेव्हा शिकलेला म्हणजे लांबचा आणि न शिकलेला म्हणजे आपला, असं पण काही नसतं.

शेंगाचटणी

आणि सुशीलकुमार शिंदे राहिले की मास्तर. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग पोलिसात सब-इन्स्पेक्टर, वकिली शिकले, पुढं मुख्यमंत्री. पटो न पटो, रकान्यात शेवटची डिग्री दिसते, तिथपर्यंत माणूस कसा आला ते दिसत नाही.

काळाकोट_नवीपेठ

वकील आहे, ह्या निवडणुकीत कुणाचंच काम घेतलेलं नाही, म्हणून लिहितो.

शपथपत्र आपल्याला वाचायला मिळतं तेच मुळात 2002 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं. सगळ्या पक्षांनी मिळून कायदा करून ते बोथट करायचा प्रयत्न केला, तो 2003 ला कोर्टाने रद्द केला. 2013 ला अजून एक झालं, रकाना कोरा सोडायचा नाही. त्यामुळं ताई आधी हे बघा की कुठं "निरंक" लिहिलंय आणि ते खरंच निरंक आहे का.

केसेसचं सांगतो. रास्ता रोकोवाली असेल तर जुन्या आयपीसीची 143, 188, 341 अशी कलमं दिसतील. ती आंदोलनाची कलमं, ह्या शहरात गिरणी कामगारांपासून विडी कामगारांपर्यंत ज्याने लोकांसाठी काही केलंय त्याच्या नावावर असली एखादी असतेच. मी तर म्हणतो वीस वर्षं राजकारणात असून एक पण आंदोलनाची केस नाही तर विचारा की बाबा होतास कुठं. 1 जुलै 2024 नंतरची असेल तर न्याय संहितेचे नंबर येतील, 188 चं 223 झालं, 420 चं 318.

420 मात्र वेगळं प्रकरण. तिथं कुणाचातरी पैसा अडकलेला असतो. गुन्हा दाखल झाला म्हणजे दोषी नाही हे खरंच, पण ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाव आणि वर्ष टाकून बघा, नुसती एफआयआर आहे की आरोप निश्चित झालेत, आणि तारखांना आरोपी हजर राहतो का. रोजनाम्यात सगळं कळतं. सारखा गैरहजर असेल तर माणूस कसा आहे ते मला वेगळं सांगायला लागत नाही.

आणि शिक्षणापेक्षा महत्त्वाचं, दोघांचेही घरचे महापालिकेची कामं घेतात का बघा. महापालिकेच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध आहे त्याला नगरसेवक राहता येत नाही, कायद्यातच आहे. म्हणून मग मेव्हणा ठेकेदार असतो.

कडकभाकर

मेव्हणा 😂😂 सोलापूरचे निम्मे रस्ते मेव्हण्यांनीच केलेत बे.

साखरपेठकर

वकीलसाहेब सगळं बरोबर, पण आमची आजी ई-कोर्ट्स बघणार का? तिला एवढंच कळतं की रात्री नळाला पाणी आलं की नाही.

जुळे_सोलापूरवाली

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. अडीचला चावीवाल्याशेजारी उभा राहणारा नगरसेवक मला आवडतो पण त्याचा मला राग पण येतो. उजनी धरणात पाणी असताना ह्या शहराला चार-चार दिवस का थांबावं लागतं हा प्रश्न सभागृहात बसून विचारायचा आहे, रस्त्यावर उभारून नाही. समांतर जलवाहिनी किती वर्षं ऐकतोय आपण? टेंडर, मुदतवाढ, अंदाजपत्रक हे वाचणारा एक तरी माणूस आत पाहिजे की नको? पाणी रोज संध्याकाळी सहाला आलं असतं तर त्यांना तिथं उभं राहायलाच लागलं नसतं.

पण मग मावशीचा पगार. तिथं माझी गाडी अडते. ज्याला स्वतःच्या क्लासच्या झाडूवालीचे पैसे द्यायचं सुचत नाही तो सफाई कामगारांच्या पगारासाठी बोलणार?

मास्तर_रिटायर्ड

जुळे सोलापूरवाली, बरोबर मुद्द्यावर आलात. ताई, माझं ऐका, दोघांना तोंडावर विचारा. नववी का दहावी हे एकाला आणि पगाराचं दुसऱ्याला. उत्तर काय देतात त्यापेक्षा देताना काय करतात ते बघा. वर्गात गृहपाठ न केलेली पोरं मी अशीच ओळखायचो.

पाणी_चौथ्यादिवशी

सगळ्यांना धन्यवाद, एवढे लोक लिहितील असं वाटलं नव्हतं. अपडेट देते.

काल रात्री पाणी होतं. घागर घेऊन मुद्दाम कोपऱ्यापर्यंत गेले. नगरसेवक होतेच. मी सरळ विचारलं, काका 2017 ला दहावी होता, यंदा नववी कसं? ते जोरात हसले. म्हणाले, तवा फॉर्म भरणाऱ्या पोरानं लिवलं दहावी, मी म्हणलं राहू दे, बरं दिसतंय. दहावीला गणितात गेलो ते गेलोच, मग मागावर बसलो. यंदा पोरगी म्हणाली पप्पा खरं लिहा, माझे मित्र वाचतात ऑनलाइन. मला ते उत्तर आवडलं, खोटं का बोलू. म्हणजे 2017 ला खोटं होतं हे त्यांनी कबूलच केलं, तरी आवडलं.

मग मी 420 चं विचारलं. दुपारी ॲपवर बघून ठेवलं होतं, प्लॉटचं प्रकरण आहे, एकच प्लॉट दोघांना दिल्याचं, आणि आरोप निश्चित झालेत. काकांनी माझ्याकडं बघितलंच नाही. चावीवाल्याला म्हणाले "अजून दोन आटे सोड रे" आणि खालच्या गल्लीत निघून गेले. परत आलेच नाहीत. घागर भरून वाहायला लागली तरी मी तिथंच उभी.

सरांना व्हॉट्सॲप केला होता. मावशीचं नाव न घेता, तुमच्या क्लासच्या कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर होतात का असं विचारलं. दहा मिनिटात बारा पानांची पीडीएफ आली, "प्रभागाचा विकास आराखडा". खरं सांगते, चांगली आहे ती. ड्रेनेजचा नकाशा आहे, आमच्या गल्लीचा चढ कुठं चुकलाय ते पण दाखवलंय. पगाराचं मात्र काही नाही. आज संध्याकाळी मावशी भेटली, म्हणाली एका महिन्याचे दिले, सकाळी अचानक. मी विचारल्यामुळं दिले की तसेच दिले माहीत नाही. आणि विचारल्यामुळं दिले असतील तर ते चांगलं की वाईट हे पण कळेना.

कडकभाकर

ताई तुम्हीच उभारा पुढच्या टायमाला. चार दिवसात एकाला खरं बोलायला लावलं, एकाला पगार द्यायला.

काळाकोट_नवीपेठ

आरोप निश्चित म्हणजे कोर्टाला प्रथमदर्शनी काहीतरी दिसलंय, एवढंच. पण ते निघून जाणं मी विसरलो नसतो.

एक सुचवू? ज्याला मत द्याल त्याच्यासाठी आत्ताच दोन प्रश्न लिहून ठेवा आणि निवडून आल्यावर दर तीन महिन्यांनी विचारा. सर आले तर गल्लीत किती वेळा आत आले, काका आले तर मेव्हण्याला काम मिळालं का.

शेंगाचटणी

दोघं पण नको असतील तर नोटा आहे की. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर परत निवडणूक, 2018 चा आदेश आहे राज्य निवडणूक आयोगाचा.

पाणी_चौथ्यादिवशी

नोटा नको. परत निवडणूक, परत वाट बघा. कुणाच्यातरी दारात जाऊन भांडता आलं पाहिजे.

सध्या सरांकडं थोडी झुकलेय, साठ-चाळीस. पीडीएफमुळं नाही, नकाशात गल्लीचा चढ बरोबर दाखवलाय म्हणजे कधीतरी पाय चिखलात घालून कुणीतरी मोजलाय, त्यांनी किंवा त्यांच्या पोरांनी. पण उद्या काका घरी येऊन प्लॉटचं सरळ बोलले तर परत पन्नास-पन्नास होईल.

अम्माला आज चार रंग शिकवले, अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा, चारही दाबायचे म्हणून. तिने तीन पटापट सांगितले आणि निळ्याला म्हणाली ते मी तुला सांगणार नाही.

साखरपेठकर

अम्मा जिंदाबाद. तुमच्याकडं पुढचं पाणी कधी?

पाणी_चौथ्यादिवशी

मतदानाच्या आदल्या रात्री. अडीचला. दोघं पण असतील बघा कोपऱ्यावर.