आठवीत छोट्या कॅथलिक शाळेत ॲडमिशन, मुलगी रुळेल ना?

जेलरोडची आई
नमस्कार, मुलीला यंदा आठवीला नाशिकरोडच्या एका छोट्या कॅथलिक शाळेत घातलंय. इयत्तेला एकच तुकडी आणि बहुतेक पोरं केजीपासून एकत्र. आधीची शाळा प्रचंड मोठी होती, तिथे कोण नवीन कोण जुनं कळायचंच नाही. इथे घरी येऊन म्हणते, आई मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, मी डबा कुठे उघडू? सकाळची प्रार्थना बाकीच्यांना तोंडपाठ, ही गप्प उभी. आम्ही हिंदू आहोत, धर्माची काळजी नाही वाटत मला, ती एकटी पडेल याची वाटते. कोणाचा अनुभव असेल तर सांगा प्लीज.

देवळालीकर
ताई मी अशाच शाळेत दहावीपर्यंत होतो, आम्हीपण हिंदूच आणि वर्गात अर्ध्याहून जास्त आमच्यासारखेच. छोट्या शाळेत पोरंच कमी, त्यामुळे खो-खोची टीम असो, मार्चपास्ट असो नाहीतर नाताळचं नाटक, सगळ्यांना घ्यावंच लागतं. मी सलग काही वर्षं मेंढपाळ झालोय आणि गव्हाणीसाठी गवत आणायचं कामपण माझंच! मोठ्या शाळेत मला स्टेजवर कोणी उभं केलं नसतं. तिचं हाऊस कुठलं ते विचारा आणि तिला नाव द्यायला सांगा, कशातही. नुसतं बसून मैत्री होत नाही, प्रॅक्टिसला थांबलं की आपोआप डबे एकत्र उघडतात.

मारियाची मम्मी
आम्ही कॅथलिक, मूळचे श्रीरामपूरकडचे, हरेगावच्या मतमाउलीच्या (मदर मेरीच्या) यात्रेला दरवर्षी जाणारे. तरी माझी लेक नवीन होती तेव्हा ती पण रडायची हो, कारण धर्म एक असून काय, वर्गातली गँग आधीच जमलेली होती. उलट तिची पहिली मैत्रीण हिंदू, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला ती सगळं घर घेऊन आली होती, तिथे सगळ्या धर्माचे लोक येतात हे नाशिककरांना काय सांगायचं. तुम्ही एखाद्या रविवारी दोघीतिघींना घरी बोलवा, मिसळ करा. शाळेबाहेर भेटलं की पोरी वेगळ्याच बोलतात.

शिक्षिका आहे
मी दुसऱ्या एका मिशनरी शाळेत शिकवते. प्रार्थनेचं म्हणाल तर घटनेचं कलम २८(३) आहे, सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना धार्मिक शिक्षण किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. शांत उभं राहिली तर कोणी काही म्हणू नये. आमच्याकडे कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास आणि त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं.
एक मात्र खरं सांगते, छोट्या शाळेत भांडण झालं तर दुसरी तुकडी नसते, तीच तोंडं रोज समोर. म्हणून थांबू नका, वर्गशिक्षिकेला आत्ताच भेटा, जागा बदलून द्या म्हणा आणि एखादी जबाबदारी मागा, फळ्यावरचा सुविचार, लायब्ररीचं रजिस्टर, काहीही. नवीन मुलीचं नाव बाकीच्यांच्या तोंडात बसायला याचा फार उपयोग होतो, मी दरवर्षी बघते.

जेलरोडची आई
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप बरं वाटलं वाचून. हाऊस ग्रीन आहे म्हणाली. खो-खो खेळते ती, आधीच्या शाळेत टीममध्ये नंबर लागला नव्हता. सोमवारी मॅडमना भेटते आणि नाव देऊनच येते.