मैत्रिणी पुण्याला चालल्या म्हणून लेकीनेही जायचं का?

कृष्णाकाठची: आम्ही सांगलीचे. लेकीला सीईटीत चांगले पर्सेंटाइल आहेत. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज घरापासून सायकलच्या अंतरावर, तिथं सिव्हिल मिळेलसं दिसतंय. २०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हापासून तिला पूल आणि बंधारे यांचंच वेड. पण पसंतीक्रमात पहिलं नाव टाकलंय पुण्यातल्या एका खासगी कॉलेजचं, तेही कॉम्प्युटर! कारण तिघी मैत्रिणी तिथं चालल्यात. पहिल्या फेरीत पहिला क्रम लागला की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्या बंद. मीच फॉर्म बदलू का?

तासगावकर: बदला. मैत्री पहिल्या सेमिस्टरपर्यंत टिकते, शाखा चार वर्षं.

मेसचा डबा: काहीही! मी नांदेडहून पुण्याला फक्त शहरासाठी गेलो. अर्धं शिक्षण वर्गाबाहेर झालं. सतराव्या वर्षी घर सोडावंसं वाटणं हेही कारणच आहे, फालतू नाही.

तासगावकर: शहर हवं तर शहर म्हणा, कॉम्प्युटर कशाला? आणि बॅनरवरच्या ४० लाखांच्या पॅकेजला भुलू नका, ते एकाच पोराचं असतं. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीत, भाग घेणाऱ्या कॉलेजांच्या साइटवर त्यांनी दिलेली माहिती असते. किती जण नोकरीला लागले, मीडियन (म्हणजे बरोबर मधल्या पोराचा) पगार किती, पुढे शिकायला किती गेले, सगळं त्यात. आम्ही धाकट्याच्या वेळी बॅनर बघूनच फी भरली. (ती जखम अजून ओली आहे.)

शिरोळची मावशी: खर्चाचंही बघा. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून हवा. होस्टेल-मेस त्यात धरत नाहीत.

मेसचा डबा: खर्च मान्य. पण ताई, तिच्या लॉगिनला हात लावू नका. उद्या बॅकलॉग राहिला की "तूच टाकलंस" ऐकाल.

तासगावकर: म्हणजे गप्प बसायचं? सतराव्या वर्षी गाडी चालवायला देता का?

कृष्णाकाठची: हात लावला नाही. विचारलं, "कॉम्प्युटरला काय शिकवतात गं?" म्हणाली, "बघते." रात्री दोन्ही शाखांचे सिलॅबस उघडून बसली होती. सकाळी म्हणाली, पुण्यातच सिव्हिल कुठं आहे ते आधी बघू. मुदत परवापर्यंत आहे. उद्या पहाटेच्या एसटीची तिकिटं काढलीत, तिघींतल्या दोघी पण येतायत.