मदत हवी आहे: रोज १२० किमी ऑफिस आणि सह्याद्रीत कॅम्पिंग, दोन्हीला एकच गाडी

कोथरूडकर_नवा

नमस्कार मंडळी,

कोथरूड ते रांजणगाव एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन साधारण १२० किमी, महिन्याला २२ दिवस. वाघोलीपर्यंत रखडपट्टी, शिक्रापूरनंतर जरा मोकळा रस्ता. महिन्यातून एक-दोनदा तंबू घेऊन वेल्हे-केळद, पानशेतच्या मागची बाजू, नीरा-देवघर, कधी भंडारदरा. डांबर संपल्यावर शेवटचे दोन-तीन किमी कच्चा रस्ता असतो: लाल माती, पाण्याने कापलेले ओघळ, दोन चाकोऱ्यांच्या मध्ये गवताचा उंचवटा, एखादा ओढा.

माणसं: आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी, कधी आई. आईचे गुडघे दुखतात. बजेट ऑनरोड २२ लाखांपर्यंत. यादीत जिम्नी, थार रॉक्स डिझेल फोर बाय फोर, ग्रँड विटारा ऑलग्रिप आणि जुनी डस्टर एडब्ल्यूडी आहे (ऑलग्रिप, एडब्ल्यूडी म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद देणारी). जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

घाटवाट

आधी रोजच्या रस्त्याचा हिशोब करा, कारण गाडीचं नव्वद टक्के आयुष्य नगर रोडवर जाणार आहे. १२० गुणिले २२ म्हणजे महिन्याला २,६४० किमी, वर्षाला ३१ हजारांच्या वर. पुण्यात पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरून, ट्रॅफिकसकट मिळेल असं मायलेज घेतलं तर:

जिम्नी १४ चं देईल, म्हणजे १८९ लिटर, साधारण १९,६०० रुपये.
रॉक्स डिझेल फोर बाय फोर १२ चं, २२० लिटर, २०,००० रुपये.
ग्रँड विटारा ऑलग्रिप १६ चं, १६५ लिटर, १७,२०० रुपये.
डस्टर डिझेल १६ चं, १५,००० रुपये.

डिझेल स्वस्त म्हणून रॉक्स परवडेल असं वाटत असेल तर बघा, तिचा खर्च पेट्रोल जिम्नीइतकाच येतो. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीवर एकरकमी रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त आहे. सर्व्हिस १० हजार किमीला धरली तर वर्षाला तीन होतील, आणि दीड वर्षात टायर बदलायला येतील. हे खर्च कोटेशनमध्ये दिसत नाहीत.

लो_रेंज

घाटवाट यांचा हिशोब बरोबर, पण गाडी नुसत्या इंधनावर निवडू नका. प्रश्न असा आहे की तुमच्या त्या शेवटच्या तीन किमीत लो रेंज लागते का?

जिम्नी आणि रॉक्स दोन्ही लॅडर फ्रेम (ट्रकसारख्या वेगळ्या चौकटीवर बसवलेल्या), दोन्हींत पार्ट-टाइम फोर बाय फोर आणि लो रेंज. लो रेंजमध्ये गिअर इतका खाली येतो की दगडांतून गाडी चालण्याच्या वेगाने, क्लच न जाळता चढते आणि उतारावर ब्रेकला हात न लावता उतरते. ओघळ तिरपा ओलांडताना एक चाक हवेत गेलं, तरी फोर बाय फोरमुळे दुसऱ्या अ‍ॅक्सलची चाकं ओढत राहतात. मात्र पार्ट-टाइम फोर बाय फोर डांबरावर लावायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक सांभाळणारा डिफरन्शियल मध्ये नसतो, आणि सगळा ताण ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडकत-अडकत वळते. तसंच चालवत राहिलं तर मोठं बिल ठरलेलं.

ग्रँड विटारा आणि डस्टर यांत लो रेंज नाही. पुढची चाकं घसरून जागीच फिरली की मागच्या अ‍ॅक्सलला जोडणाऱ्या कपलिंगमधला क्लच मागे ताकद पाठवतो. चिखलात, वाळूत, ओल्या गवताच्या चढावर हे छान चालतं, आणि पावसात डांबरावरही आपोआप मदत करतं. पण चाकं सतत फिरवत राहिलात तर कपलिंग तापतं आणि स्वतःला वाचवायला मागची ताकद काढून घेतं. नेमकं चढाच्या मध्यावर.

आता रोजचं. जिम्नीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहेत आणि स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं. १०० च्या वेगाला इंजिन ३ हजार आरपीएमच्या आसपास ओरडत असतं, सरळ रस्त्यावरही हात हलता ठेवावा लागतो. रोज १२० किमी हे सोसायचं का, ते चालवून ठरवा. सीटही चारच आणि मागच्या सीट उभ्या असताना डिकी २०८ लिटरची. चौघं आणि तंबू एकत्र बसणार नाहीत. रॉक्समध्ये जागा भरपूर, हायवेवर स्थिर, पण पायरी उंच आहे. आईंना शोरूमला घेऊन जा आणि चार वेळा चढ-उतर करायला सांगा.

कोथरूडकर_नवा

दोघांचे मनापासून आभार. लो_रेंज, आम्ही जातो तिथे मोठे दगड नाहीत. गावातले जीप आणि ट्रॅक्टर जातात तोच रस्ता. सगळ्यात वाईट म्हणजे ओल्या लाल मातीचा शंभरेक मीटरचा चढ आणि चाकाच्या निम्म्याच्या आत पाण्याचा ओढा. तिथे सध्याची हॅचबॅक खाली घासते आणि चढावर घसरते.

लो_रेंज

मग लो रेंजचा हट्ट सोडला तरी चालेल. घासण्यावर उपाय २०० मिमीच्या वरचा ग्राउंड क्लिअरन्स, घसरण्यावर उपाय टायर आणि चार चाकांची ताकद. ग्रँड विटारा आणि डस्टर दोन्ही इथे बसतात.

हवापाणी

टायरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ओल्या लाल मातीत कंपनीचे हायवे टायर पाच मिनिटांत गुळगुळीत होतात, नक्षीत माती भरते आणि चाक साबणावरून फिरल्यासारखं फिरतं. पूर्ण मड टायर मात्र घेऊ नका, नगर रोडवर ते घोंगावतील, ओल्या डांबरावर ब्रेक लांबेल आणि मायलेज खातील. कंपनीच्याच मापात सौम्य ऑल-टेरेन घ्या. लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग (टायरवर लिहिलेली वजनाची आणि वेगाची मर्यादा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

खरा फरक हवेने पडतो. डांबर संपलं की थांबा आणि ३२-३३ पीएसआयवरून चारही टायर २० वर आणा. टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते, ओघळांचे धक्केही कमी होतात. फारच रुतलात तर १८. त्याखाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना वेग ३० च्या आत. डांबरावर परतलं की आधी हवा भरायची, मग निघायचं. त्यासाठी कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. लायटरच्या सॉकेटवर चालणारे बरेचसे छोटे पंप चार टायर भरेपर्यंत तापून बंद पडतात, नाहीतर फ्यूज उडवतात. काम चालू असताना इंजिन सुरू ठेवा.

रुतल्यावर पहिलं काम म्हणजे अ‍ॅक्सलरेटर सोडणं. चाक फिरवत राहिलं की गाडी पोटावर बसते, मग कोणताही ड्राइव्ह उपयोगाचा नाही. फावड्याने चाकांसमोरची माती उताराने काढा, स्टिअरिंग सरळ करा, सपाट दगड किंवा ट्रॅक्शन बोर्ड चाकाखाली सरकवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू उचला. ओढायची वेळ आली तर पट्टा फक्त कंपनीने दिलेल्या टो-हुकला, आणि पट्ट्यावर मधोमध जाड सतरंजी टाका. तुटला तर उडण्याचा जोर कमी होतो. मुलीला पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा.

ओढ्यात उतरण्याआधी स्वतः चालत जाऊन तळ बघा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत ठीक, त्यावर नाही. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचं छिद्र) किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. पावसाळा संपला की तेल बघून घ्या. दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

मुळशीकर

गाडी कोणतीही घ्या, पण सड्यांवर आणि पठारांवर चाक घालू नका. कातळावर मातीचा थर बोटभर असतो, एका चाकोरीने तिथली फुलझाडं कायमची जातात. भंडारदऱ्याकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द आहे, मुक्कामाआधी वनखात्याचे नियम विचारा. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, तेही निघण्याआधी तपासा.

जुनं_सोनं

डस्टर एडब्ल्यूडी बघणार असाल तर हे तपासा. १.५ डिझेल, ११० पीएस, सहा गिअर. २०२० च्या बीएस-सहा प्रदूषण नियमांनंतर डिझेल बंद झालं, म्हणजे मिळेल ती गाडी २०१४ ते २०२० मधली. पहिला गिअर मुद्दाम फार छोटा ठेवलाय, लो रेंजची थोडी उणीव त्याने भरून निघते. सपाटीवर लोक दुसऱ्यात उचलतात, त्यात काही बिघाड नाही.

टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलायचाच आहे असं धरून किंमत पाडा, तुटला तर व्हॉल्व वाकतात. एडब्ल्यूडीचा डायल लॉकवर टाकून मोकळ्या मातीच्या मैदानात चढावर उचला, मागची चाकं धक्का देतायत का ते बाहेरून कोणीतरी बघा. लिफ्टवर चढवून मागच्या डिफरन्शियलखाली ओरखडे आणि तेलगळती बघा. इंजिनाचे सुटे भाग मिळतात, कारण तेच इंजिन इतर गाड्यांतही होतं. मागच्या कपलिंगसारखे एडब्ल्यूडीचे खास भाग मात्र महाग, आणि वाट बघायला लावतात. वर्षाला ३१ हजार किमी पळणाऱ्या माणसाची गाडी महिनाभर गॅरेजात राहून चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

कोथरूडकर_नवा

नाही चालणार. म्हणजे ग्रँड विटारा ऑलग्रिप पुढे, रॉक्स दुसरी. दोन शंका उरल्या: छतावरचा तंबू घ्यावा का? आणि रॉक्स घेतलीच तर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) त्रास होईल का?

घाटवाट

डीपीएफची काळजी तुमच्या वापरात कमी आहे. काजळी जाळायला इंजिन गरम आणि वेग सलग लागतो, तो शिक्रापूरच्या पुढे रोज मिळेल. दिवा लागलाच तर घराशी बंद न करता पंधरा-वीस मिनिटं ६०च्या वर चालवा.

लो_रेंज

छतावरचा तंबू नको. तो बहुतेक ५० किलोच्या वर असतो, आणि मॅन्युअलमधला छताचा आकडा म्हणजे चालत्या गाडीच्या छतावर किती वजन चालेल ते, तंबू त्यात बसायला हवा. वजन वर गेलं की तिरप्या ओघळात गाडी कलंडायची भीती वाढते, आणि रोज १२० किमी वारा कापत नेल्याने मायलेजही जातं. जमिनीवरचाच तंबू ठेवा.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमभोवतीची चक्कर घेऊ नका. सकाळी साडेआठला वाघोलीतून मागा. एडब्ल्यूडीच असल्याची खात्री करा, शोरूममध्ये बहुतेक टू-व्हील ड्राइव्हच डेमोला असते. डिकीत तंबू, खुर्च्या, स्टोव्ह खरोखर ठेवून बघा. आणि तळ उचलून स्टेपनी पूर्ण मापाची आहे का ते पाहा. बारीक स्टेपनी असेल तर पाचवा टायर आणि रिम वेगळं घेऊन कॅम्पिंगच्या दिवशी डिकीत टाका. ऑलग्रिपमध्ये वेगळ्या व्यासाचं एक चाक लावून लांब पळवलं तर कपलिंग तापतं.